पायऱ्यांवरची पलटण

ड्रेस्डेन, ५ मे २०२५

गौरांग,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे लिहायला नकोत.

अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला ठेवलं नसशील असं धरून चालते. फोन मी लावत नाही. तू तो उचलत नाहीस, आणि न उचललेला फोन कानाला लावून बसण्याचं माझं वय राहिलं नाही. पत्राचं बरं असतं. आज नाही उघडलं तर परवा उघडशील, ते काही रुसून परत जात नाही.

मी मैथिलीकडे आले आहे. व्हिसाचं सगळं प्रणवरावांनी बघितलं. जावई हुशार आहेत, पण कॉम्प्युटरच्या चिप्स करणाऱ्या माणसाला चहात साखर किती घालायची हे रोज नव्याने विचारावं लागतं. सव्वीस जुलैला मी परत मिरजेला जाणार. तुझा पत्ता तू नाताळात पाठवतोस त्या कार्डावर मिळाला. वर्षातून एक कार्ड, खाली तुझी आणि कात्रीनची सही, मधे एक ओळ नाही. मैथिली म्हणाली, आई, लिहू नकोस, उत्तर येणार नाही आणि मग तूच रडत बसशील. मी म्हटलं, रडायला मला मिरज काय वाईट होतं?

प्रणवरावांकडून नकाशात तुझं बॉबलिंगेन बघून घेतलं. एका देशात आहोत आपण आता. बाबा गेले तेव्हा कोरोनात विमानं बंद होती, तू येणार कसा होतास? बाकीचे काय वाटेल ते बोलले, त्यांची तोंडं मी तेव्हाच बंद केली. पण आता सगळं सुरू आहे. जायच्या आधी मला तुला एकदा बघायचं आहे. दुसरं काही मागणं नाही आणि कसली बोलणीही करायची नाहीत.

वरचा पत्ता मैथिलीच्या घराचा आहे. पाकिटावर मैथिलीच्या निधीने तिकीट लावलं आहे, वाकडं आहे, पण तिला सांगू नये.

आई


ड्रेस्डेन, १८ मे

गौरांग,

तुझं उत्तर आलं नाही. मैथिली पोस्टाची पेटी उघडताना माझ्याकडे बघत नाही.

दिवस मोठे आहेत इथे आणि घरातली तिघंही सकाळी निघून जातात. निधीशी मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि गंमत म्हणजे आमचं भांडणही व्यवस्थित होतं. आता मला एक काम मिळालं आहे, ते सांगते.

खालच्या मजल्यावर फ्राऊ नोआक, म्हणजे नोआकबाई, राहतात. माझ्याहून मोठ्या, शाळेत शिकवायच्या, पाठीचा कणा अजून पट्टीसारखा. त्यांचं मूळ गाव इथून जवळच आहे. त्या गावातल्या जुन्या पलटणीच्या फोटोंचं जुलैत प्रदर्शन आहे आणि ते सगळं ह्या बघतात. मैथिलीने कधीतरी जिन्यात सांगून टाकलं होतं की आईचं आयुष्य बाबांच्या फोटो स्टुडिओत गेलं. झालं, बाई दुसऱ्या दिवशी खोका घेऊन दारात. आल्झो, म्हणाल्या, आणि खोका माझ्या हातात दिला. इथे प्रत्येक गोष्टीची सुरुवात आल्झोने होते, आपण ‘तर मग’ म्हणतो तसं.

ही पलटण म्हणजे खडे शिपाई नव्हेत बरं का. लांडवेअर म्हणतात तिला. घरदार असलेले, पोराबाळांचे बाप, कुणी सुतार, कुणी न्हावी, कुणी पाववाला. राज्याने बोलावलं की कामधंदा टाकून बंदूक घ्यायची. पहिल्या महायुद्धाला निघण्याआधी गावातल्या खानावळीच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी फोटो काढून घेतला. चार रांगा. पुढे खाली बसलेल्यांच्या मधे पाटी, तिच्यावर खडूने पलटणीचं नाव, आणि पाटीला टेकून एक कुत्रा. माणसांनी श्वास रोखून धरलेत, कुत्रा मात्र हललाय, त्याला दोन तोंडं आलीत. गणवेश नवा आहे. एकाच्याही अंगावर तो नीट बसलेला नाही. बाबांनी हा फोटो बघितला असता तर पहिलं वाक्य काय बोलले असते ते तुला ठाऊक आहे: हनुवटी खाली, साहेब.

मूळ फोटो बाईंनी कपाटात जपून ठेवलेत. त्यांच्या मोठ्या प्रती काढून आणल्यात, त्यांच्यावरचे बुरशीचे डाग आणि ओरखडे भरायचे. मैथिलीने झिरो नंबरचा ब्रश आणि रंग आणून दिले. पहिल्या दिवशी दोन प्रती बिघडवल्या. आता बिघडत नाहीत. सकाळी खिडकीशी बसते आणि एकेका मिशीवरचा डाग उतरवते. परक्या माणसांचे चेहरे इतका वेळ बघितले की ते परके राहत नाहीत. डावीकडून तिसरा थेट तुझ्या मिरजेच्या गणिताच्या मास्तरांसारखा आहे, तसाच कावलेला.

बॉबलिंगेनला पाऊस आहे का? इथे आहे.

आई


ड्रेस्डेन, १ जून

गौरांग,

आज जरा भांडायचं आहे. तू समोर नाहीस म्हणून सोपं आहे.

त्या खोक्यात आणखी एक मोठा फोटो आहे. सन १९२१. युद्ध संपून गेलेलं, पलटण मोडलेली, पण गावातले लोक वर्षातून एकदा जमायचे आणि त्याच पायऱ्यांवर फोटो काढायचे. आता अंगात साधे कोट. ज्याची जी जागा पहिल्या फोटोत होती तिथेच तो उभा. आणि रांगांमध्ये मोकळ्या जागा. दोन माणसं उभी, मधे हातभर अंतर, मग पुढचा. काही परत आलेच नसणार, हे कळायला मला जर्मन यायची गरज नाही. पण फोटो किती ओकाबोका दिसतो. कुठल्या फोटोग्राफरने हे असं चालवून घेतलं, जरा सरकून घ्या म्हणायला काय झालं होतं?

मग माझ्या डोक्यात आलं की पहिल्या फोटोत सगळे आहेत. मिरजेत असं घर सापडायचं नाही ज्याने बाबांकडून गेलेल्या आजोबांना नातवाच्या मुंजीच्या फोटोत बसवून घेतलं नसेल. लोक यायचे, पासपोर्टचा फोटो पुढे करायचे, म्हणायचे, नागेशराव, एवढं आमच्या अण्णांना मधे बसवा. आणि नेताना फोटोला हात जोडायचे. मी त्या सगळ्यांना बसवायचं ठरवलं आहे. आणखी प्रती काढून घेतल्या, बारीक कात्रीने एकेकाला सोडवते आहे, जागेवर चिकटवून कडा ब्रशने मिटवते आहे. बाईंना सांगितलेलं नाही. एकदम दाखवीन.

आता भांडण. मैथिलीच्या लग्नाच्या फोटोत तुला बसवलं ते बाबांनी ह्याच मायेने, अरे. कात्रीनला आत्ता आणू नको, नातेवाइकांत बोलणी होतील, तू एकटा ये, असं ते म्हणाले आणि तू आलाच नाहीस. ते त्यांचं चुकलं, मी तेव्हाही म्हटलं होतं. पण नंतर तीन दिवस कॉम्प्युटरपुढून उठले नाहीत. तुझा कॉलेजातला फोटो काढला, मोहनमामाच्या मुलाचा कोट चढवला, माझ्या आणि त्यांच्या मधे तुला उभं केलं. मला दाखवला तेव्हा मी पदर डोळ्याला लावला. सगळ्या नातेवाइकांना प्रत पाठवली, तुला फ्रेम करून पाठवली. आणि तू फोन करून एवढंच म्हणालास, “आई, मी आलो नव्हतो.” त्यानंतर फोन नाही.

अकरा वर्षं मी त्या वाक्यावर विचार करते आहे. आला नव्हतास हे आम्हाला माहीत नव्हतं का? एवढा राग यावा असं त्या फोटोत काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. तो अजून हॉलमध्ये आहे. मी रोज त्याच्याकडे बघते. दुसरं बघायला तू मला दिलंयस काय?

आई


ड्रेस्डेन, १५ जून

गौरांग,

माझी फजिती झाली. सांगायला नको वाटतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

काल फ्राऊ नोआक सफरचंदाचा केक घेऊन वर आल्या. मी फोटो टेबलावर पांढऱ्या कपड्याखाली झाकून ठेवला होता, स्टुडिओत नव्या जोडप्यांना दाखवायचो तसा. सगळे बसले तशी कपडा काढला. काम चांगलं झालं होतं, गौरांग. एक कड दिसत नव्हती. रांगा कशा भरून आल्या होत्या.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिसऱ्या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मला वाटलं, भरून आलं असेल. मी मैथिलीला म्हटलं, विचार, आवडला का. बाई हळूहळू बोलत राहिल्या आणि मैथिलीचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती म्हणाली, “आई, त्या म्हणतात, ही जागा रिकामी नव्हती. इथे त्यांचे आजोबा होते.”

मला आधी कळेना. मी म्हटलं, तेच तर, आता दिसतायत ना. तेव्हा मैथिलीने सगळं सांगितलं. परत आलेल्या लोकांनी ठरवून तसं उभं राहायचं ठेवलं होतं. जो आला नाही त्याच्या जागेवर कुणी सरकायचं नाही. फोटो खानावळीत टांगलेला असे. आजोबा एमिल, शिंपीकाम करायचे. त्यांच्यामागे आजी दर रविवारी मुलीला तिथे न्यायची आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणायची, हे बघ, हे तुझे बाबा. त्या मुलीने, म्हणजे बाईंच्या आईने, पुढे बाईंना तशीच जागा दाखवली. बाई लहानपणापासून त्या हातभर अंतराला आजोबा म्हणत आल्या. आणि मी तिथे एक तरणा, नव्या गणवेशातला माणूस आणून उभा केला. शेजारचे दोघे सात वर्षांनी थकलेले, एकाचा हात नाही. हा मधे ताजातवाना, श्वास रोखून. मी इतके दिवस कडा बघत होते, चेहरे बघितलेच नाहीत.

बाई रागावल्या नाहीत. केक कापला, मला मोठा तुकडा दिला. त्याने जास्त लाज वाटली.

त्या गेल्यावर मी मैथिलीला म्हटलं, आपल्याकडे असंच करतात, मला काय माहीत. ती भांडी धूत होती. पाठमोरीच म्हणाली, “माझ्या घरात माझ्या लग्नाचा तो फोटो कुठे दिसतोय तुला?” खरंच नाही. मी आल्यापासून ते बघितलंच नव्हतं. म्हणाली, “दादा आला नाही म्हणून मला रडायचं होतं, आई. त्याच्यावर ओरडायचं होतं. बाबांनी त्याला आणून उभंच केलं. मग रडायचं कुणासाठी?”

मी खोलीत जाऊन पडले. निधी येऊन पांघरूण घालून गेली, एवढ्या उन्हाळ्यात.

आई


ड्रेस्डेन, ६ जुलै

गौरांग,

नवी प्रत करून दिली. ह्या वेळी फक्त डाग भरले, मोकळ्या जागांमधले सुद्धा. तिथे भिंत आहे, खानावळीची, विटांची. एमिल आजोबांच्या जागेतल्या विटा मी सगळ्यात जपून केल्या. बाईंनी भिंग लावून तेवढाच भाग बघितला आणि माझा हात हातात घेतला. गेनाऊ, म्हणाल्या. म्हणजे अगदी असंच.

त्या वाक्याचा अर्थ आता मला कळला, गौरांग. आई, मी आलो नव्हतो. तू आला नव्हतास ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. बघणाऱ्याने विचारायला हवं होतं, थोरला कुठाय, आणि आम्हाला उत्तर द्यावं लागायला हवं होतं. बाबांनी प्रश्नच मिटवून टाकला. त्यांना तुझी आठवण सहन होत नव्हती, म्हणून त्यांनी तसं केलं; वाईट हेतू नव्हता, पण तुझं न येणं आम्ही गिळून टाकलं. आणि तुझ्या शेजारी कात्रीनला तर जागाही ठेवली नाही. तुझ्या खांद्याला खांदा लावून मी उभी आहे तिथे, हसते आहे.

तुझी माझी भेट झाली नाही तेवढ्या वर्षांत मी रोज एका तेवीस वर्षांच्या मुलाशी बोलत होते. त्याला सांगायचे, आज आमटी खारट झाली, आज अमक्याचं लग्न ठरलं. तो काही न बोलता हसायचा. खरा तू कुठे असशील ह्याची भूक त्यामुळे जरा मरायची. आता त्या हॉलची आठवण आली की मला ते चित्रच दिसतं, तू नाही. फार आठवण येते रे तुझी. पूर्वी एवढी येत नव्हती, हे खरं सांगते.

काल प्रदर्शनाला गेलो होतो. फोटोपुढे दोघी उभ्या असताना बाईंनी विचारलं, मुलं किती तुम्हाला. मी म्हटलं दोन. दुसरं कुठे असतं? मी म्हटलं, बॉबलिंगेनला, पण तो येत नाही. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मैथिली भाषांतर करताना मधेच थांबली, मग म्हणाली, “आई, त्या विचारतात, बॉबलिंगेनला गाडी जाते की. मग तुम्ही का जात नाही?”

मी दोन महिने ‘तू ये’ म्हणतेय. बाबा पण तेच म्हणायचे, एकटा ये. आमच्या घरात कुणी कधी कुणाकडे गेलंच नाही, सगळे आपल्या उंबऱ्यात उभे राहून दुसऱ्याला बोलवायचे.

प्रणवरावांना तिकीट काढायला सांगितलं आहे. एकोणीस तारखेचा शनिवार. मैथिली बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हटलं. नको असेन तर हे पत्र मिळाल्यावर तसं कळव. नाही कळवलंस तर मी येते.

आई


बॉबलिंगेन, १९ जुलै, शनिवार

गौरांग,

तू काही कळवलं नाहीस, म्हणून आले; हे पत्र पोस्टाने येणार नाही. तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे, काचेच्या बाटल्या टाकायच्या त्या मोठ्या डब्यांच्या शेजारी. गाड्या बदलायचं प्रणवरावांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. चुकले नाही. तुझ्या दारावरच्या पाटीवर दोन नावं वाचली, माईणकर आणि फोगेल, ते कात्रीनचं असणार. माईणकर त्यांनी अगदी बरोबर लिहिलंय.

बेलपर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं. म्हटलं, जरा श्वास घ्यावा, प्रवासाने पाय जड झालेत. म्हणून इथे येऊन बसले. पिशवीत बेसनाचे लाडू आहेत. फोटो एकही आणलेला नाही.

मी बसल्यावर थोड्या वेळाने दार उघडलं आणि तू बाहेर आलास. हातात रिकाम्या बाटल्यांची टोपली. पुढचे केस गेलेत, बाबांचे गेले तसेच, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी. अंगाने भरला आहेस. डाव्या पायावर किंचित दाबून चालतोस, काय झालंय पायाला? मी तुला लगेच ओळखलं. हॉलमधल्या मुलाशी तुझं काहीच जुळत नव्हतं, तरी ओळखलं.

तू माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून एकेक बाटली टाकत होतास. पांढऱ्या काचेच्या एकीकडे, हिरव्या दुसरीकडे. लहानपणी तू वाटाणे असे निवडायचास. मला हाक मारायची होती. ती सोडून मी बाटल्या मोजत राहिले. मग तुझं काम झालं, तू वळलास, आपली नजरानजर झाली, आणि तू इथले लोक अनोळखी माणसाला म्हणतात तसं मान लववून म्हणालास, “हालो.”

मीही हालो म्हटलं. तू टोपली हलवत रस्ता ओलांडून वर गेलास.

तुझा दोष नाही. बाबांच्या आजारपणानंतर मीही पडले होते, केस गळले ते कापूनच टाकले. पातळ नेसून गाडीत चढता येत नाही म्हणून मैथिलीने पँट घातली आहे मला, वर तिचं निळं जॅकेट, डोक्याला निधीची टोपी. कपाळ मोकळं आहे. अशी आई तू कधी बघितलेलीच नाहीस. तू बघितलेली आई मिरजेच्या फोटोत आहे, लाल शालूतली, आणि ती मी आता नाही.

मी थोडी रडले, मग लिहायला घेतलं. हे तुझ्या पेटीत टाकते, बेल वाजवते, आणि इथेच परत येऊन बसते. वर येत नाही, तुमच्या घरात बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही असं मी गाडीत ठरवलं आहे. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आहे, नाही आलास तर तिने जाईन आणि रागावणार नाही.

पण येणार असलास तर कात्रीनला घेऊन ये. तिला मी कधी बघितलेलं नाही. आणि शोधत बसू नकोस, गौरांग. बाटल्या टाकताना बाकावर निळ्या जॅकेटातली जी म्हातारी बसली होती, जिला तू आत्ता हालो म्हणालास, ती मी आहे.

आई